उणे तीनचा वर्ग

असले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. डिप्लोमा अर्ध्यावर सुटल्यापासून मी दुपारभर कॅनॉलच्या कडेला आडवा पडतो. पाण्यावरून उसाचं पाचट वाहत येतं, तसे हेही येतात. तरंगणारी एकेक काडी म्हणजे उण्याचं चिन्हच!

बारामतीचं कॉलेज, नव्वदचं दशक सरत आलेलं. शेळगावच्या दिल्यानं वडलांच्या किराणा दुकानातला कॅल्क्युलेटर आणला. गणिताच्या सरांनी विचारलं, दोन अधिक तीन गुणिले चार किती? दिल्या म्हणाला, "वीस!"

सर ओरडले, "अरे, गुणाकार आधी! चौदा!"

"सर, ह्यो दुकानातला हाय. जो आधी आला, त्याचं आधी!"

*

सरांचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर त्यांच्या लग्नाआधीचा. तीन दाबायचं, मग उणं करायचं बटण, मग वर्गाचं. उत्तर नऊ. वडगाव निंबाळकरच्या संज्याचा नवा कोरा. कागदावर लिहितो तसंच दाबायचं. उणे, तीन, वर्ग. उत्तर उणे नऊ!

सरांनी तो हलवला, कानाला लावला, उन्हात धरला.

"सेल उतरलाय," म्हणाले. आणि हे आम्हाला गणित शिकवत होते!

*

तेव्हा कॉलेज सुटलं की संज्या कॅनॉलवर शेजारी पडून सांगायचा, "वर्ग नुसत्या तिनाचा हुतो गड्या. उणं भाईरच थांबतं. कंस घातलास तरच आत येतं."

मी डोळे मिटायचो. ते उणं मला दिसायचं. दारापाशी चपला काढून उभं, कुणीतरी आत बोलवायची वाट बघत. डोळे उघडले की संज्या गेलेला असायचा आणि ऊन उसाच्या तुऱ्यांवर चढलेलं.

*

टर्मच्या परीक्षेत तेच आलं. उणे तीनचा वर्ग, कंस नाही. मी उणे नऊ लिहिलं. सरांनी लाल काट मारली. पास व्हायला तेवढेच दोन मार्क कमी पडले. टर्म गेली तर शिक्षण बंद, असं बापानं आधीच बजावलेलं.

मी पुस्तक उघडून त्यातलं उणे नऊ दाखवलं. सर म्हणाले, "पुस्तकापेक्षा माझा अनुभव मोठा हाय."

असल्यांच्या पाया पडायचं आम्ही!

*

शेवटी प्रकरण संस्थेच्या अध्यक्षांकडं, आबांकडं गेलं. इंदापूरकडची बांधाची भांडणं मधोमध दगड पुरून मिटवण्यात आबांची हयात गेलेली.

"पोरा, तुझं किती?"

"उणे नऊ, आबा."

"सर, तुमचं?"

"नऊ."

आबांनी डोळे मिटले. डोक्यावर पंखा संथ फिरत होता.

"मंग भांडताय कशापायी? दोघं बी थोडं थोडं सरका. मधलं घ्या की!"

सरांनी लाल पेन काढलं, आबांसमोर नीट हिशेब केला आणि माझ्या पेपरावर गोल गरगरीत शून्य काढलं.

"बघा," आबा म्हणाले, "मिटलं का न्हाय!"