इनासचा आयर्लंड आणि माझी सही

इनास गेल्याचं त्याच्या बायकोचं, रोझीवहिनींचं पत्र बहरीनला माझ्या हाती पडलं, तोवर तिकडे वसईत त्याची सातव्या दिवसाची चर्चमधली मिस्साही होऊन गेली होती. पत्र खिशात घालून मी ड्युटीवर गेलो. दिवसभर कुणाला काही सांगितलं नाही. सांगायला लागलो असतो तर सगळंच सांगावं लागलं असतं...

सत्तरच्या दशकात आम्ही दोघं एका कंपनीच्या एसी देखभाल खात्यात होतो आणि बहरीनच्या सलमानिया भागात एकाच खोलीत राहायचो. तो वसईचा कॅथलिक, मी पुण्याचा जोशी. आमचा बेलफास्टचा म्हातारा फोरमन मायदेशी परतताना पुस्तकांची दोन खोकी इनासला देऊन गेला. एकात आयर्लंडच्या कामगार चळवळीची पुस्तकं, दुसऱ्यात समाजशास्त्राचे जुने ग्रंथ. मॅट्रिक झालेला हा मेकॅनिक डिक्शनरी घेऊन त्यांच्या मागे हात धुऊन लागला. मी पलंगावर पडून चेष्टा करायचो, "कॉम्प्रेसर बसला तर तुझा आयर्लंड येणार का दुरुस्त करायला?" तो चिडायचा नाही. "जोश्या, लोक म्हणतात तिथं कॅथलिक आणि प्रोटेस्टंट भांडतात. पण बेलफास्टच्या गोदीत नोकरी कुणाला मिळायची, ते विचार ना आधी!" तिथल्या डाव्यांमध्येही दोन तट होते. एक म्हणे आधी फाळणी झालेला देश एक करा, दुसरा म्हणे आधी कामगार एक करा. इनासला दोन्ही पटायचं. पण त्याला खरी भुरळ घातली ती दुसऱ्या खोक्यातल्या, पॅरिसच्या एका जुन्या प्रोफेसरनं. माणूस अगदी एकट्यानं, मनातल्या मनात जे ठरवतो, त्यातही समाजाचा हात असतो, हे इनासनं मला इतक्या वेळा समजावलं की मी कानांवर उशी घ्यायचो.

आमच्या खात्यात साहेबानं एक पद्धत पाडली होती. तिकडे आठवड्याची सुट्टी शुक्रवारची, म्हणून मिस्साही त्याच दिवशी असायची. शुक्रवारी सकाळी ख्रिश्चनांना चर्चसाठी सुट्टी, त्यामुळे शुक्रवारचा सगळा भार हिंदूंवर. त्या बदल्यात आमचे सगळे सण त्यांच्या डोक्यावर. आम्ही त्यांच्या नावानं बोटं मोडायचो, ते आमच्या. एके दिवशी ड्युटी लिस्टपुढे उभा राहून इनास मोठ्यानं हसला. "अरे, हे तर बेलफास्टच झालं!" त्यानं अर्ज लिहिला, की शुक्रवारची सुट्टी सगळ्यांना आळीपाळीनं द्या. म्हणजे दर दुसऱ्या शुक्रवारी त्याची स्वतःची मिस्सा बुडणार होती. दोन्हीकडच्या मिळून अकरा जणांनी सह्या केल्या. राहिलो मी, शिफ्ट इनचार्ज. माझ्या बायकोच्या व्हिसाचे कागद त्याच साहेबाच्या टेबलावर पडले होते.

"उद्या करतो," मी म्हणालो. असे तीन उद्या गेले. साहेबानं अर्ज परत केला. तुमचा इनचार्जच यात नाही, तुमच्यातच एकी नाही, म्हणाला. आणि कॉन्ट्रॅक्ट संपताच इनासचं काम खलास. विमानतळावर सोडायला मीच गेलो होतो. तो एवढंच म्हणाला, "वहिनी इकडे पोचल्या की पत्र टाक."

मधली कित्येक वर्षं मी ते मनात दाबून ठेवलं. गेल्या वर्षीच्या सुट्टीत वसईला गेलो, तेव्हा तो अंथरुणाला खिळलेला होता. "सही करायला घाबरलो होतो रे," मी शेवटी बोलून टाकलं. तो हसला. "तू एकटा कुठं नाही म्हणालास? व्हिसा, साहेब, घरदार... सगळ्यांनी मिळून तुझा हात धरला." लाज वाटते सांगायला, पण मला ते लगेच पटलं. वसई सोडताना मी चक्क शीळ घालत होतो.

यंदा सुट्टीवर आलो तो थेट त्याच्या घरी गेलो. वहिनींनी त्याची खोली उघडली. "हे तुम्हाला द्यायला सांगून गेलेत," म्हणत त्यांनी त्या पॅरिसच्या प्रोफेसरचं पुस्तक माझ्या हातात ठेवलं. मध्ये एक पान दुमडलेलं होतं. समासात पेन्सिलीनं, आजारपणातल्या वेड्यावाकड्या अक्षरात, एकच ओळ लिहिली होती.

"मग त्या अकरा जणांचा हात का नाही कुणी धरला?"

इनास मला आयुष्यात कधी टाकून बोलला नव्हता.

"काय लिहिलंय हो?" वहिनींनी विचारलं. "मला मेलं त्यांचं यातलं काही कळायचं नाही."

"मला विचारलंय," मी म्हणालो.