पाडलेल्या टॉकीजच्या मागे, येऊ नये

माझ्या मुलीच्या लग्नाची साडी मी मुठा नदीच्या पात्रात दुकान असलेल्या माणसाकडून मागवली.

काठावर नव्हे, पात्रात! नकाशावर दुकानाची लाल खूण बरोब्बर पाण्यात होती. अर्थात हे साडी मागवल्यावर कळलं. मागवण्याआधी मी नकाशा बघितलाच नव्हता, कारण मला नकाशाची गरज नसते, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

मी कोर्टात बेलिफ होतो. समन्स आणि नोटिसा लोकांच्या दारात जाऊन त्यांच्या हातात द्यायच्या, हे बेलिफाचं काम. आणि ज्याला नोटीस येणार असते तो कधीच घरी नसतो. तीस वर्षं मी अशा घरी नसलेल्या माणसांना घरातून बाहेर काढलं. त्यामुळे नुसता पत्ता वाचून मी माणूस खरा की लबाड ते सांगतो, असा माझा समज होता. (सुनंदाचा, म्हणजे माझ्या पत्नीचा, असा समज नव्हता. पण तिचं माझ्याविषयी एकूणच मत वेगळं आहे.)

आमच्यात, म्हणजे बौद्धांत, नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत लग्नाला उभे राहतात. म्हणून प्रज्ञाला घेऊन आम्ही दोघं एका मोठ्या दुकानात गेलो. गादीवर बसलो. "पांढऱ्या साड्या दाखवा," मी म्हणालो. सेल्समनने एकदम आवाज खाली आणला.

"कधी झालं हो?"

"अजून कुठं? पुढच्या महिन्यात आहे."

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी जन्मात विसरणार नाही! सुनंदा ताडकन उठली. "चला. इथून रुमालसुद्धा घ्यायचा नाही," ती म्हणाली, आणि चप्पल घालून थेट रस्त्यावर.

प्रज्ञा खराडीला कंप्युटरच्या कंपनीत आहे. तिने त्याच आठवड्यात मोबाइलवर एक दुकान शोधून काढलं. तिथे फक्त पांढऱ्या साड्या. त्यातली एक तिने दाखवली आणि आम्ही दोघंही मोबाइलवर वाकलो. शुभ्र सुती साडी, आणि काठावर बारीक पिंपळपानं हाताने भरलेली. अशी साडी दुसऱ्या कुठल्याच दुकानात नव्हती, तिने सगळीकडे शोधलं होतं.

"पण पप्पा, मला साइट जरा फिशी वाटतेय," ती म्हणाली. "पिन कोड नाही, मालकाचं नाव नाही, दुकानाचा एक फोटो नाही. लोकेशन लपवणारी साइट म्हणजे रेड फ्लॅग असतो."

"पत्ता वाच."

तिने वाचला. "बुधवार पेठ, पाडलेल्या टॉकीजच्या मागे, जिना चढून डावीकडे. येऊ नये."

"आणि ते 'आमच्याविषयी' म्हणून काय लिहिलंय?"

"आम्ही साड्या विकतो. साड्यांविषयी विचारावे, आमच्याविषयी विचारू नये. दुपारी एक ते चार बंद." प्रज्ञाने डोक्याला हात लावला. "ऑनलाइन दुकान दुपारी बंद कसं असेल, पप्पा?"

मला तर भरून आलं! मी तिला समजावून सांगितलं, की लबाड माणूस 'अवश्य भेट द्या' म्हणतो, 'आपलेच दुकान समजा' म्हणतो. 'येऊ नये' लिहायला माणूस अस्सल लागतो. शिवाय जी इमारत पाडली तिच्या मागचा पत्ता देणारा माणूस बाहेरगावचा असेल कसा? एवढा तुसडेपणा कोणाला नकली करता येत नाही. मागव, मी जबाबदार!

'मी जबाबदार' हे शब्द सुनंदाने तिथल्या तिथे पाठ केले.

लग्न रविवारी. बुधवार उजाडला तरी साडी नाही. प्रज्ञाने नकाशा उघडला आणि नदीतली ती लाल खूण मला दाखवली. मी दुकानाचा नंबर लावला. बऱ्याच वेळाने कुणीतरी उचलला.

"काय?"

"अहो, साडीचं विचारायचं होतं. लग्न..."

"किती वाजले?"

"एक वाजून पाच मिनिटं."

फोन बंद! चारनंतर लावला तर कुणी उचलेना. सुनंदा काहीच बोलत नव्हती. ती बोलत नाही तेव्हा घरात भांडी जास्त वाजतात. त्या दुपारी आमच्याकडे इतकी भांडी आहेत हे मला पहिल्यांदाच कळलं.

गुरुवारी सकाळी मी जुनी खाकी फाइल काढली, तिच्यात ऑर्डरचा छापील कागद ठेवला आणि बिबवेवाडीहून बस पकडून बुधवार पेठेत उतरलो. वायरी विकणाऱ्या एका दुकानदाराला विचारलं, "इथं ती पाडलेली टॉकीज कुठं आहे?"

"पाडली," तो म्हणाला.

"म्हणजे कुठं होती?"

"होती तेव्हा यायचं." एवढं बोलून त्याने पुढच्या गिऱ्हाइकाला वायर मोजायला घेतली. मग मला उभा पाहून मान न वळवता म्हणाला, "मागचा जिना."

जिना होता! डावीकडे दार होतं! आतून शिलाई मशीनचा आवाजही येत होता. मला इतका आनंद झाला, की मी दारावर थाप मारली आणि तोंडातून तेच निघालं जे तीस वर्षं निघत आलं होतं. "कोण राहतं इथं? जागा कोणाच्या नावावर आहे?"

मशीन थांबलं.

"दार उघडा! मालक कोण आहेत?"

आत कुजबुज झाली. मग दाराआडून एक म्हातारा आवाज आला, "मालक गावाला गेलेत."

आता हे वाक्य मी आयुष्यात हजारो वेळा ऐकलंय. ते ऐकलं की माझं डोकं काम करायचं थांबतं आणि हात काम करू लागतात. दार न उघडणाऱ्याच्या दारावर बेलिफ दोन पंचांसमक्ष कागद चिकटवतो. मी खाली गेलो, त्या वायरवाल्याला आणि शेजारच्या पुस्तकवाल्याला हाताला धरून वर आणलं. फाइलमधून कोरा कागद काढला आणि लिहिलं, 'समक्ष येऊन चौकशी केली. मालक मिळून आले नाहीत. सबब सदर कागद दारावर डकवला असे.' खाली पंचांच्या सह्या घेतल्या. दोघांनीही मुकाट्याने केल्या. माझ्या आवाजात अजून दम होता तर!

घरी येऊन मी हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. प्रज्ञा ऐकतच राहिली.

"पप्पा, साडीचं लिहिलंत का त्यात?"

नव्हतं लिहिलं.

"आपलं नाव? नंबर?"

बेलिफ स्वतःचा नंबर कशाला लिहील? मी घटाघट पाणी प्यायलो.

"सरकारी नोटीस लावून आलात तुम्ही!" सुनंदा अखेर बोलली. "साडी आणायला गेला होतात आणि पंचनामा करून आलात! लग्नात नवरीला काय पंचनामा नेसवू?"

शुक्रवारी त्या दुकानाचा फोन बंद लागला. संध्याकाळी प्रज्ञाने साइट उघडली तर पत्त्याची जागा कोरी होती. पाडलेली टॉकीज नाही, जिना नाही, 'येऊ नये'सुद्धा नाही! नदीतली लाल खूणही गेली होती. गाशा गुंडाळून पळाले, असं मी म्हणालो, पण माझा स्वतःचाच आवाज मला परका वाटला. घर पाहुण्यांनी भरत होतं. नागपूरहून व्याही निघाले होते. प्रज्ञा माझ्याजवळ येऊन बसली. "आईची जुनी पांढरी आहे ना, ती नेसेन मी. तुम्ही बीपीची गोळी घेतलीत का?" तिने चार शब्द सुनावले असते तरी चाललं असतं. मला रडूच आलं. फाइल घेऊन मी गॅलरीत जाऊन बसलो.

शनिवारी सकाळी दहाला बेल वाजली. सुनंदाने दार उघडलं. दारात एक वाळकेसे, पांढऱ्या सदऱ्यातले म्हातारे गृहस्थ, हातात पिशवी.

"प्रज्ञाताई इथंच का? साडी आणली आहे."

मी खुर्चीतून उठलो आणि तोंड उघडणार, तेवढ्यात तो आवाज ओळखला. मी पुन्हा खाली बसलो.

त्यांनी साडी उलगडली. पिंपळपानं अगदी बोटाने मोजावीत अशी. प्रज्ञाने ती गालाला लावली आणि सुनंदाने डोळ्यांना पदर. बुधवारनंतर पहिल्यांदा माझा श्वास पोटापर्यंत गेला.

"माफ करा वहिनी, उशीर झाला," गृहस्थ म्हणाले. "हाताचं काम, बुधवारी रात्री संपलं. गुरुवारी पाठवणार होतो. पण गुरुवारी दारात कोर्टाचा माणूस!"

"अगं बाई!" सुनंदा म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती.

"काय तो आवाज! जागा कोणाच्या नावावर म्हणे. चाळीस वर्षांची भाड्याची जागा, घरमालकाशी वाद चालू. आम्ही घाबरून दोन दिवस दार उघडलं नाही. फोन बंद केला. इंटरनेटवरून पत्ता काढून टाकायला लावला भाच्याला. आधी तो नदीत ठेवला होता, म्हणजे लोक येऊन भाव करत बसत नाहीत. पण कोर्टवाले नदीतूनही शोधतात हो! मग म्हटलं, नवरीची साडी आहे, ती राहून कसं चालेल? मागच्या जिन्याने उतरलो आणि स्वतःच आलो."

सुनंदाने त्यांना चहा दिला, लाडू दिला, लग्नाचं आग्रहाचं आमंत्रण दिलं. मी सगळा वेळ मान डोलवत होतो. ते काही म्हणाले की हसत होतो, काही विचारलं की हात जोडत होतो. घशातून हूं की चूं काढलं नाही. ते वीस मिनिटं बसले आणि मला ती वीस वर्षं वाटली.

निघताना त्यांनी माझा हात हातात घेतला, कळवळून दाबला, आणि दारापाशी सुनंदाला हळूच विचारलं, "वहिनी, साहेबांना बोलता येत नाही का?"

"येतं की," सुनंदा म्हणाली. "पण ते बोलले की दुकानं बंद पडतात."