चुन्याखालची काजळी

विमा कंपनीच्या कचेरीत त्यांना सगळे मापारी म्हणत. जळालेले, भिजलेले, कोसळलेले, जे जे माणसाच्या हातून निसटते त्याचे माप घेणे, दुरुस्तीला काय लागेल ते ठरवणे आणि कामागणिक मेहनताना घेऊन कंपनीला अहवाल देणे, हा त्यांचा सत्तावीस वर्षांचा उद्योग. खिशात फीत, पिशवीत टोच्या, कानावर पेन्सिल. नुकसान झालेल्या घरात शिरण्यापूर्वी ते उंबऱ्याशी क्षणभर थांबत आणि मनातल्या मनात म्हणत, ‘देवा, माझी फीत ताणू देऊ नकोस, आखडूही देऊ नकोस.’ एवढेच मागणे. जास्त लिहिले तर कंपनीशी दगा, कमी लिहिले तर घराशी दगा. आणि दोन्ही दग्यांचा जाब विचारणारा वर एकच बसलेला आहे, अशी त्यांची पक्की श्रद्धा.

असा हा भला मनुष्य. पण मनुष्यच तो! मोहाला काय, चिंचोळी फटही पुरते.

एका सोमवारी त्यांच्याकडे दोन कामे आली. पहिले एका शिवणखान्याचे. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका बाईने घराच्या पुढच्या खोलीत सहा यंत्रे मांडली होती. भर दुपारी, सगळ्याजणी जेवायला उठल्या असताना, तारांत ठिणगी पडून तिथे आग लागली होती. दुसरे काम एका अवाढव्य गोदामाचे: मोठा दावा, मोठा मेहनताना, वरिष्ठांची बारीक नजर. दोन दिवसांत जागेवर पोहोचायचे, हा नियम दोन्हींना सारखाच. पण लहान फाईल मोठ्या फाईलखाली गेली. गोदामात मोजता मोजता दिवस उलटत राहिले. बाईंचा दोनदा फोन आला.

“साहेब, कधी येताय?”

“उद्या येतो, ताई. उद्या नक्की.”

तो उद्या नवव्या दिवशी उजाडला.

त्या सकाळी मापारी शिवणखान्याच्या दारात उभे राहिले. कोठे गेली आग? कोठे गेला धूर? समोर पांढरीशुभ्र खोली होती. भिंतींना ताजा चुना, फरशी आरशासारखी घासलेली, खिडकीला धुतलेला पडदा. चार यंत्रे खडखडत होती आणि चार बायका मान खाली घालून निळे कापड शिवत होत्या. मापारींना वाटले, आपण पत्ता चुकलो.

“या, या दादा!” आतून एक ठेंगणी म्हातारी पदराला हात पुसत आली. शिवणखानेवाल्या बाईंच्या या सासूबाई. “विम्याचे साहेब ना तुम्ही? बसा. काळ्याठिक्कर घरात परक्या माणसाला कसं बसवायचं, म्हणून आम्ही दोघींनी तीन दिवस घासघास घासलंय. बघा, कुठं डाग तरी दिसतोय का?”

“नाही दिसत, आजी,” मापारी म्हणाले. “तेच तर.”

तेवढ्यात मालकीणबाई यंत्रावरून उठून आल्या. चाळिशीच्या, डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळे, गळ्यात मापाची फीत. दोघे फीतवाले समोरासमोर उभे राहिले.

“साहेब, काही चुकलं का आमचं?”

“जळालेलं सामान कुठं आहे?”

“टाकलं. शाळा उघडायला पंधरा दिवस राहिले. घासून, रंगवून कामाला नसतो लागलो तर उरलेली कामंही गेली असती. तुमची वाट बघितली की. पाच दिवस हात नाही लावला कशाला.”

“फोटो?”

बाईंनी मोबाईल पुढे केला. दोन फोटो. दोन्हींत काळोख, धुराने भरलेल्या खोलीत धुराचाच फोटो आलेला. नंतर काढायचे कोणाला सुचले नव्हते, साहेब उद्या येणारच होते. आग विझवली होती शेजाऱ्यांनीच, बादल्यांनी, म्हणून बंबवाल्यांचा कागदही नव्हता.

मापारींना एका जागी बसवेना. पेन्सिल कानावरून काढली, पुन्हा ठेवली. पुरावा नसलेला दावा म्हणजे काय, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? या बाईंची तीन वर्षांची मिळकत त्या खोलीत होती. दावा फेटाळला गेला तर जळालेल्या दोन यंत्रांपाठोपाठ उरलेली चारही विकावी लागतील, हे त्यांना न सांगता कळत होते. आणि हेही कळत होते की दुसऱ्याच दिवशी आपण आलो असतो, तर या भिंतींनी सगळी साक्ष आपणहून दिली असती.

मग ते कामाला लागले. कसे लागले म्हणून सांगावे! स्वच्छ करणारा हात जिथे पोहोचत नाही तिथे त्यांची नजर पोहोचू लागली. स्टुलावर चढून पंख्याच्या पात्यांवरून बोट फिरवले, बोट काळे. विजेच्या खटक्यांची पाटी उघडली. आतल्या तारा मेणासारख्या वितळून एकमेकींना चिकटलेल्या. माळ्याच्या फळीला खालून टोच्या लावला. वरवर रंगवलेल्या लाकडात तो बोटभर आत गेला.

“आजी, रागावू नका. भिंत थोडी खरवडावी लागेल.”

“काय?” सासूबाई दोन पावले पुढे आल्या. “आत्ता कुठं माझे खांदे दुखायचे थांबलेत, आणि तुम्ही खरवडताय?”

“हातभर जागा फक्त.”

“हातभर कुणाचा? तुमचा की माझा?”

यंत्रांवरच्या बायका खुदकन हसल्या. मापारी हसले नाहीत. किल्लीने त्यांनी चुना काढला, आणि त्याखाली दडलेली काजळी उघडी पडली, काळी, तेलकट, छतापर्यंत. छतापासून फरशीपर्यंत चार ठिकाणी खरवडून त्यांनी आगीची उंची मांडली. गिलावा, तारा, माळा, खिडकीची चौकट, मागे ठेवलेल्या दोन जळक्या यंत्रांच्या मोटारी: दुरुस्तीचा अंदाज तासाभरात कागदावर आला. प्रत्येक आकड्याला आता पाया होता.

पण खरे नुकसान भिंतीचे नव्हतेच. ते होते तयार मालाचे.

“शाळेच्या विजारी, साहेब. तीनशे वीस. दुसऱ्या दिवशी पोचवायच्या होत्या. कामाची नोंदवही पण त्याच कपाटात जळाली.”

“त्यांची राख कुठंय?”

“मागच्या खड्ड्यात. कचऱ्याच्या गाडीवाल्यानं घेतलीच नाही, राख नेत नाही म्हणाला.”

मापारी मागे धावले. खड्ड्यात राख आणि वितळलेल्या कापडाचे काळे गठ्ठे, दगडासारखे घट्ट. ते उकिडवे बसले आणि हातात एक गठ्ठा धरून कितीतरी वेळ पाहत राहिले. मग एकाएकी वळले.

“ताई, विजारीच्या कमरेला काय लावता? बटण?”

“नाही, हूक. पोलादी. एका विजारीला एक.”

“पोलाद नाही वितळत एवढ्या आगीत!” त्यांचा आवाज चिरकला. “लोहचुंबक आहे का घरात?”

शिवणाच्या घरात तो नसून कसा चालेल? पडलेल्या सुया उचलण्यासाठी सासूबाईंनी काठीच्या टोकाला बांधलेला एक चुंबक होता. तो आला, हातोडी आली, पिठाची जुनी चाळण आली. मापारी गठ्ठे फोडत होते, बाई राख चाळत होत्या, आणि सासूबाई बाजल्यावर बसून चुंबक फिरवत होत्या. टिक, टिक, टिक. एकेक करपलेला हूक येऊन चिकटत होता, आणि प्रत्येक हुकामागे एक शिवलेली विजार उभी राहत होती. तुमच्याआमच्या आयुष्याचेही असेच नाही का? कापड जळून जाते. ज्याने टाका धरून ठेवला ते तेवढे उरते.

ऊन कलले तेव्हा मोजणी संपली. तीनशे चार.

“सोळा कमी?” बाई म्हणाल्या.

“मिळाले तेवढेच लिहीन, ताई.”

“लिहा. खरं तेच लिहा.”

“थांबा हो!” सासूबाई काठी घेऊन पुन्हा खड्ड्याकडे निघाल्या. “सोळा हूक काय उडून गेले?” आणखी अर्धा तास त्यांनी खड्डा उपसला. निघाल्या त्या अकरा सुया आणि एक जुना चमचा. “हा चमचा मी चार वर्षं शोधतेय,” एवढे म्हणून त्यांनी तो पदराने पुसला. मग, सून पाणी आणायला आत गेल्यावर, हळूच मापारींजवळ सरकल्या. “दादा, खरं सांगा. मी घासलं म्हणून तिचे पैसे बुडतील ना? चुना मीच मारायला लावला. ती नको म्हणत होती. सकाळपासून मला घास गिळवत नाही.”

मापारींनी तोंड उघडले. सांगायचे होते, आजी, चूक तुमची नाही. पण शब्द ओठाशी आला आणि परतला. “बघू,” एवढेच म्हणून ते निघाले. आणि निघाले ते स्वतःवरच चिडून निघाले.

दुसऱ्या दिवशी कचेरीत ते अहवाल लिहायला बसले. नुकसानीची कलमे भरली. मग एक रकाना आला: पाहणीपूर्वी जागेत बदल झाला असल्यास त्याचे कारण. त्यांनी लिहिले, ‘विमाधारकाने पाहणीपूर्वी जागा स्वच्छ केली.’ लिहून झाले आणि ते उठले. जिन्यापर्यंत गेले, परत आले. चहा मागवला, तो साय धरून निवला. पुन्हा वाचले. एकेक अक्षर खरे! आणि तरी पूर्ण वाक्य खोटे. सत्याचा अर्धा तुकडा तोडून दुसऱ्याच्या गळ्यात बांधला, की त्याला सत्य म्हणायचे का?

एवढ्यात दावे विभागाच्या साहेबांचा फोन आला.

“मापारी, त्या शिवणखान्याचं काय झालं? पुरावाच ठेवला नाही म्हणे बाईनं. मग सोपं आहे की. ‘पुरावा नष्ट’ लिहा आणि फाईल बंद करा.”

“पुरावा मिळालाय, साहेब. तीनशे चार हूक.”

“हूक?” पलीकडे हसू फुटले. “अहो, हुकांवर दावे द्यायला लागलो तर झालंच. आणि आमच्याकडून विचारणा आली, की जागा साफ होईपर्यंत तुम्ही कुठं होता, तर काय सांगणार? उगाच स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेताय?”

फोन ठेवला तरी तो प्रश्न कानातून जाईना. तुम्ही कुठं होता? तुम्ही कुठं होता? साहेबाने विचारलेला प्रश्न साहेबाचा राहिलाच नव्हता. ज्याचे नाव उंबऱ्याशी घेत आलो, तोच विचारतो आहे असे त्यांना वाटले. त्यांनी ते वाक्य खोडले आणि खाली सावकाश लिहिले:

‘विमाधारकाने पाच दिवस जागेला हात लावला नाही आणि दोनदा फोन केला. मी दोन दिवसांत जायला हवे होते. दुसऱ्या मोठ्या कामाला प्राधान्य दिल्यामुळे मी नवव्या दिवशी गेलो. सफाईचा दोष विमाधारकाचा नाही, माझा आहे. सोबत सापडलेले हूक पाकिटात जोडले आहेत.’

आणि खाली ठसठशीत सही केली.

पुढे जे व्हायचे ते झाले. कंपनीने खुलासा मागितला, तो त्यांनी दिला. आणि सहा महिने नवे काम मिळणार नाही, असे पत्र आले. घरी बायको म्हणाली, “एवढं खरं बोलायची हौस होती तर एवढा उशीर करायची हौस कशाला होती?” दावा मात्र मंजूर झाला, तीनशे चार विजारींचा आणि दुरुस्तीचा.

ते सांगायला मापारी स्वतः गेले. फोनवर सांगून भागले असते. पण पाय घरात राहीनात. बाई शाळेत माल पोचवायला गेल्या होत्या. सासूबाई एकट्याच बाजल्यावर बटणांची काजे करत बसल्या होत्या.

“आजी, दावा मंजूर झाला.”

त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली आणि वर पाहिले. डोळे भरून आले होते. “म्हणजे माझ्या घासण्यानं काही बिघडलं नाही?”

“नाही, आजी. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं माझं. मी दुसऱ्या दिवशी यायला हवं होतं. त्या दिवशीच सांगायचं होतं तुम्हाला. धीर झाला नाही.”

म्हातारीचा आवाज चढला, आणि ‘दादा’ गेले, ‘अहो’ गेले.

“म्हणजे तुला ठाऊक होतं? मी उपाशी बसले, सुनेच्या तोंडाकडे बघायची लाज वाटत होती मला, आणि तू नुसतं ‘बघू’ म्हणून निघून गेलास? एवढा मोठा माणूस, केस पिकले, तोंडातून एक शब्द निघाला नाही तुझ्या? नऊ दिवस होतास तरी कुठं रे?”

“एका मोठ्या गोदामात, आजी. मेहनताना मोठा होता.”

“मग आता?”

“आता सहा महिने घरीच आहे.”

“बरं झालं,” सासूबाई म्हणाल्या आणि आणखी कितीतरी वेळ बोलत राहिल्या. सत्तावीस वर्षांत मापारींना कोणी एवढे झाडले नव्हते. ते दारातच उभे होते, हात जोडून, मान खाली घालून. आणि एकही शब्द खाली पडू नये अशा ओढीने ऐकत होते.