गुरुजींच्या ड्रॅगनचे पंख

आळेफाट्यावरच्या माझ्या कापडाच्या दुकानात गुरुजी रविवारी दुपारी यायचे. त्यांची शाळा पार तळेघरकडच्या डोंगरात, बायको आणि आजारी आई इकडे फाट्याजवळच्या आळे गावात. शनिवारी ते दोन तास चालत येऊन एसटी गाठायचे.

माझ्या पुण्याच्या भाच्यानं एका खेळाच्या नियमांची झेरॉक्स दिली होती. कागदावर आपापला ड्रॅगन मांडायचा, फासे टाकत त्याची गोष्ट पुढे न्यायची आणि दर टप्प्याला मिळणारे गुण आग, पंख, खवले, दम यांत वाटायचे. मी ते कसेही वाटायचो. गुरुजी मात्र उत्तरपत्रिका तपासावी तसे कागदावर वाकून बसत.

"शेठ, आग दोननं कमी केली तरी चालंल. पंखाला पायजेत. उडता आलं की निम्म्या लढाया टळत्यात."

एवढं बोलून त्यांना तिथंच डुलकी लागे. दोन वर्षांत त्यांचा ड्रॅगन अख्खी डोंगररांग एका झेपेत ओलांडू लागला.

बदलीचा अर्ज तिसऱ्यांदा नामंजूर झाला, त्या रविवारी ते आले आणि पंखांचे सगळे गुण खोडून त्यांनी दमाच्या रकान्यात लिहिले.

"अहो गुरुजी, दोन वर्षांची मेहनत आहे ती!"

"ऱ्हाऊ द्या, शेठ. उडायचं आता न्हाई जमत. टिकायचं बघू."

त्या डावात वाटेत खोल दरी आली. माझ्या ड्रॅगनला पंख होते, पण मीही त्याला खाली उतरवलं. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं ती दरी पायीच उतरत राहिलो.