आत्याने गुंडाळलेली पृथ्वी

पृथ्वीच्या पोटात काय आहे हे मला सातवीत शिकवलं गेलं, आणि ते चार माणसांसमोर धड सांगता आलं नसतं तर मी आठवीचं तोंड पाहिलं नसतं. आमची महापालिकेची मराठी शाळा सुरतेत लिंबायतमध्ये होती आणि ती सातवीला संपायची. पुढचं हायस्कूल उधन्याला. आत्याच्या मते सातवी म्हणजे मुलीला उतू जाईल इतकं शिक्षण होतं. ती ज्या कापड कारखान्यात बॉबिनवर सूत भरायची तिथे तिने शेठला सांगून माझ्यासाठी जागासुद्धा धरून ठेवली होती, आणि तीही स्वतःच्या शेजारची, म्हणजे माझ्यावर नजर राहील. आई माझ्या बाजूने होती, पण आत्या बोलायला लागली की आई भांडी घासायला बसायची.

वडील लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचे आणि फार कमी बोलायचे. जे बोलायचे ते मात्र गल्लीभर ऐकू जायचं, कारण दिवसरात्र लूमच्या खडखडाटात राहून त्यांना स्वतःची कुजबुजही ओरडल्याशिवाय कळायची नाही. त्यांनी निकाल लांबणीवर टाकला. शाळेत विज्ञानाचं प्रदर्शन भरणार आहे ना, मी येतो, पोरगी काय शिकली ते डोळ्यांनी बघतो, मग ठरवू, असं ते म्हणाले आणि शेजारच्या चारही खोल्यांना ते कळलं.

प्रदर्शनात सगळ्यांना ज्वालामुखी हवा होता, कारण त्यातून धूर निघतो. माझ्या वाट्याला पृथ्वीचे थर आले. गुरुजींनी सांगितलं, थर्माकोलचा गोळा आणायचा, अर्धा कापायचा, आत रंग द्यायचे, झालं. आणायचा म्हणजे कुठून, हे त्यांनी सांगितलं नाही. मी घरी येऊन तोंड फुगवून बसले. आत्याने कारण विचारलं आणि ऐकून मलाच झापलं. गोल वस्तूच हवी ना, मग गळा काढायला काय झालं, आम्ही दिवसभर गोलच गुंडाळतो की, असं म्हणून तिने ते काम स्वतःच्या अंगावर घेतलं. मला शाळेतून काढायला निघालेली बाई माझ्याच प्रदर्शनासाठी कंबर कसून उभी राहिली, याचा मला आजही उलगडा होत नाही. घरातली मुलगी चार लोकांत भिकार वस्तू घेऊन उभी राहिली तर नाक आपलं कापलं जाईल, एवढाच तिचा हिशेब असावा.

बॉबिनवर उरलेलं टाकाऊ सूत तिने पिशव्या भरून आणलं आणि माझी उलटतपासणी सुरू केली. सगळ्यात आत काय? आंतर गाभा, लोखंड, घट्ट. तिने सूत हळदीत बुडवून दगडासारखा कडक गोळा केला. त्यावर? बाह्य गाभा, तोही लोखंडाचाच, पण वितळलेला, पातळ. आत्या थांबली. आतलं घट्ट आणि त्याच्यावरचं पातळ, हे कुठल्या अडाण्याने ठरवलं, असं तिने विचारलं. मी म्हटलं, पुस्तकात आहे. पातळ वस्तू गुंडाळून दाखवायला तुझ्या गुरुजींनाच बोलाव, म्हणाली. शेवटी तिने केशरी सूत मुद्दाम ढिलं गुंडाळलं, त्यामुळे आमची पृथ्वी एका बाजूने कायमची चेपली. मग आलं प्रावरण. होळीचा उरलेला लाल रंग कालवून आत्या रोज गुंडाळायची आणि रोज विचारायची, झालं का? मी पुस्तकातलं चित्र बघून म्हणायची, अजून नाही. सगळ्यात वर भूकवच, ते अगदी सालीसारखं, म्हणून नीळ लावलेल्या दोऱ्याचे थोडेच फेरे. एवढ्या मोठ्या गोळ्यात एक तुटका धागा नव्हता; जिथे जोड होता तिथे गाठ शोधूनही सापडली नसती. गोळा भोपळ्याएवढा झाला तेव्हा आत्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी तिच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलेलं नाही.

मी कात्री घेऊन आले. आत्याने ती माझ्या हातातून हिसकावली.

"भरेल सूत कापानं नही," ती म्हणाली. भरलेलं सूत कापायचं नाही.

मी म्हटलं, कापल्याशिवाय आतले थर दिसणार कसे? ती म्हणाली, तुला माहीत आहेत ना, मग तोंडाने सांग. आमच्याकडे गुंता झालेलं बॉबिनही कोणी कापत नसे. तासभर बसून उकलत, पण कात्री लावत नसत. मी रडले, आईने भांडी काढली, आणि पृथ्वी अखंड राहिली.

प्रदर्शनाच्या दिवशी टेबलाटेबलांवर ज्वालामुखी धुमसत होते आणि माझ्यासमोर एक चेपलेला निळा गोळा होता. आत्या सुट्टी टाकून आली होती, माझं भाषण ऐकायला नव्हे, गोळ्यावर पहारा करायला. वडील रातपाळी संपवून थेट आले होते आणि उभ्या उभ्या पेंगत होते. पाहुणे म्हणून आलेले साहेब गुजराती होते. त्यांनी गोळा टिचकीने वाजवून पाहिला.

"अंदर शुं छे, बेन?"

मी धडाधड सगळे थर सांगितले. साहेब हसले. कापीने बताव, म्हणाले. गुरुजींनी लगेच कात्री पुढे केली. मी वडिलांकडे बघितलं. त्यांचे डोळे आता पूर्ण उघडे होते. पोरगी अडकली, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. माझी आठवी त्या कात्रीच्या टोकावर आली होती, आणि आत्याचा हात तर गोळ्यावर होताच.

मला रागच आला. मी म्हटलं, साहेब, खरी पृथ्वीसुद्धा आजपर्यंत कोणी कापलेली नाही. आत कोणी गेलेलं नाही. भूकंप झाला की त्याच्या लाटा पोटातून जातात, कुठे वाकतात, कुठे वेग बदलतात, काही वितळलेल्या थरात शिरतच नाहीत, त्यावरून आत काय आहे ते लोकांनी ओळखलं. तुम्हाला बघायचंच असेल तर उकला.

गुरुजींचा चेहरा पांढरा पडला. पण साहेब मजेत होते. त्यांनी धाग्याचं टोक ओढलं. निळं भूकवच बघता बघता संपलं, आणि मी सांगितलं की आपले डोंगर, समुद्र, सगळं सुरत शहर एवढ्याशा थरावर आहे. मग लाल प्रावरण सुरू झालं. साहेब ओढत राहिले, ढीग पायाशी पडत राहिला. जमिनीवर पडलेलं सूत वडिलांना बघवेना. ते पुढे आले, टोक शोधलं आणि कोपर-अंगठ्याभोवती आटी घालायला लागले. साहेबांना चहाचं बोलावणं आलं, त्यांनी गोळा आत्याच्या हातात दिला आणि हसत निघून गेले. प्रावरण चालूच राहिलं. आत्या सोडत होती, वडील गुंडाळत होते. होळीचा रंग कच्चा, त्यामुळे त्यांचे हात कोपरापर्यंत लाल झाले.

"हाई कव्हय सरी?" वडिलांनी मला कुजबुजत विचारलं, आणि अख्ख्या प्रदर्शनाने मान वळवली. हे कधी संपणार?

मी म्हटलं, हाच सगळ्यात मोठा थर आहे, पृथ्वीचा बहुतेक भाग हाच. ते थांबले नाहीत. त्याच्या आत काय, विचारलं. मी सांगितलं. ते गरम कशाने राहतं, विचारलं. मला जेवढं येत होतं तेवढं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, घट्ट गोळा एवढा तापलेला असून वितळत का नाही?

"दाबामुळे," मी म्हटलं. "पण ते नीट आठवीत शिकवतात."

खरं सांगायचं तर आठवीत काय शिकवतात याची मला काडीचीही कल्पना नव्हती.

शिपाई खोल्या बंद करायला आला. आत्याने राहिलेला लाल गोळा पिशवीत टाकला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, परीक्षा संपली की हिला कारखान्यात पाठवायचं ना, शेठला काय सांगू? वडील हातावरची आटी उतरवत होते. ती त्यांनी नीट पीळ देऊन खांद्यावर टाकली.

"सांग, पोरगी येणार नही," ते म्हणाले. यावेळी तर त्यांनी कुजबुजायचा प्रयत्नही केला नाही. "आजून आर्धीच उकलनी. आर्धं काम सोडीसन घर येवानं नही." पृथ्वी अजून अर्धीच उकलली, अर्धं काम सोडून घरी यायचं नाही.

मग ते लाल हातांनीच गुरुजींकडे गेले, आणि उधन्याच्या हायस्कूलला जायला कुठली रिक्षा पकडायची ते विचारू लागले.