आज आत काय वाजून राह्यलं?

मी स्टेथोस्कोप कानाला लावायच्या आत दादा शर्ट वर करून म्हणायचे, "आयका डॉक्टर, आज आत काय वाजून राह्यलं?"

पहिल्या खेपेला काहीच वाजलं नाही. जानेफळात माझा दवाखाना नवा, ऐट जुनी. ठोकून दिलं, "छाती एकदम साफ!"

दादा खोकले. "साफ? मंग मी खोकून काऊन राह्यलो?"

स्टेथोस्कोपचं तोंडच उलट्या बाजूला फिरलेलं होतं. ते सरळ केलं आणि ऐकू आलं. श्वासाच्या शेवटी, तव्यावर लाह्या फुटाव्यात तशी बारीक तडतड. दादांची उभी जवानी गिट्टीच्या क्रशरवर गेली होती. ती दगडाची धूळ होती.

"पेटी हाय का ढोलकी?"

"लाह्या."

"खाऊन टाका मंग!"

आजाराची थट्टा करून डॉक्टरलाच धीर देणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दर खेपेला तडतड थोडी वर चढलेली असे. यावर औषध नाही, हे मी त्यांना सांगून टाकलं. विहारात वंदना वर्षानुवर्षं तेच घ्यायचे. त्यांच्या बायकोने, वहिनींनी, आता ती बंद केली होती.

"डॉक्टर, हिले सांगा छाती ठीक हाय म्हून. एक डाव बुद्धपौर्णिमेले घेतो वंदना. मंग तुमी म्हनान तसं."

मी खोटं जुळवत होतो, तेवढ्यात वहिनीच म्हणाल्या, "राहू द्या. ती तडतड मले बिन नळीची आयकू येते. जाऊ द्या त्याईले."

पौर्णिमेला विहार भरला होता. दादा एक ओळ म्हणत, मागोमाग सगळे. त्रिशरणाच्या दुसऱ्या फेरीत ओळ लांबते. "दुतियम्पि बुद्धं…" आणि दादांचा दम संपला. सगळे गप्प. मी मात्र मदतीच्या उत्साहात एकट्यानेच खणखणीत पूर्ण केलं, "सरणं गच्छामि!"

सगळा विहार माझ्याकडे वळला. शेजारच्या म्हातारीने माझी बाही ओढली. "थांबा ना हो. त्याईचं व्हायचं हाय."

दादांनी श्वास गोळा केला, उरलेली ओळ म्हटली. मग लोकांनी ती त्याच जागी तोडून म्हटली. पुढे दादा जिथे जिथे तुटले, तिथे तिथे विहार तुटला.

पोळ्याच्या आत दादा गेले.

आता वंदना एक तरुण मास्तर घेतो. छाती धडधाकट, अख्खी ओळ एका दमात. लोक ती परत म्हणतात आणि मध्येच थांबतात. श्वास घेतात. मग उरलेली म्हणतात.

मास्तर वाट पाहतो.