रिकामे चौकोन
स्क्रीनवर अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसले की मला दोहातल्या त्या वॉर्डचा स्पिरिटचा वास येतो. साईटवर माझ्यासोबत काम करणारा चिनी सर्व्हेअर उंचावरून पडला होता. घशात नळी असल्यामुळे त्याला बोलता येईना आणि मोबाईलचा तर चुराडा झालेला. इंग्रजी अक्षरांत उच्चार टाईप केला की चिनी शब्द उमटवणारं एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर मी जुन्या लॅपटॉपवर टाकलं आणि धावत गेलो. चिनी फॉन्ट टाकायला मात्र मूर्खासारखा विसरलो. तो डाव्या हाताने एकेक कळ दाबत होता आणि उमटत होते नुसते चौकोन. त्याने माझं मनगट घट्ट धरलं. "ब्रदर, टाइम खलास, यल्ला," नर्स दाराकडे बोट दाखवत म्हणाली. मी रडकुंडीला आलो. शेवटी तेच चौकोन कॉपी करून भाषांतराच्या साईटवर टाकले. आतली अक्षरं शाबूत होती: "आईला सांगू नका. मला घरी न्या." मी दोन्हींना मान डोलावली. त्याच आठवड्यात तो घरी गेला, कार्गोने. आईला सांगावंच लागलं. त्याने टाईप केलेली ती चौकोनांची फाईल अजून त्या लॅपटॉपवर आहे. फॉन्ट मी आजपर्यंत टाकलेला नाही.